बंदूक रिकामी आहे, हे पाहिले कोणी?

प्रति,
मुंबईत चित्रपट, मालिका व वेब सिरीजची निर्मिती करणारे सर्व निर्माते, त्यांच्या संघटना आणि ओटीटी मंचांचे निर्मिती विभाग यांस,

विषय : चित्रीकरणात वापरल्या जाणाऱ्या बंदुकांची जबाबदारी एका नावावर निश्चित करण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी गेली 23 वर्षे मुंबईत फोकस पुलर म्हणून काम करतो. सेटबाहेरच्या वाचकांना हा शब्द परका वाटेल म्हणून सांगतो की, पडद्यावरचा चेहरा किंवा वस्तू क्षणोक्षणी सुस्पष्ट ठेवणे एवढेच माझे काम असते आणि त्यासाठी मी कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभा असतो. आजही, कितीही यंत्रे आली तरी, रिहर्सलच्या वेळी मी खिशातली टेप काढून कॅमेऱ्यापासून त्या वस्तूपर्यंतचे अंतर मोजतो. ती वस्तू पुष्कळदा बंदुकीची नळी असते. नटाने कॅमेऱ्यावर पिस्तूल रोखले की टेपचे एक टोक कॅमेऱ्याच्या अंगावरच्या हुकाला अडकवायचे आणि दुसरे नळीच्या तोंडाशी न्यायचे, आकडा वाचायचा, मागे यायचे. चार फूट दोन इंच. तीन फूट नऊ इंच. माझ्या वहीत असे शेकडो आकडे आहेत, आणि त्यांपैकी प्रत्येक आकडा लिहिताना मी त्या नळीसमोर उभा होतो.

हे पत्र लिहिण्याचे तात्कालिक कारण गेल्या महिन्यातले आहे. एका वेब सिरीजच्या चित्रीकरणात सकाळी एका पिस्तुलातून दोनदा ब्लँक, म्हणजे पुढची गोळी नसलेले काडतूस, उडवण्यात आले. दुपारी जेवणानंतर तेच पिस्तूल दुसऱ्या प्रसंगाच्या रिहर्सलसाठी नटाच्या हाती आले. ते आणून देणारा मुलगा आर्ट विभागातला, वय फार तर विशीचे. त्याच तासात त्याच्याकडे टेबलावरचे ग्लास, अर्धवट जळलेल्या सिगारेटी आणि भिंतीवरचे घड्याळ कंटिन्युइटीप्रमाणे, म्हणजे आधीच्या शॉटमध्ये होते तसेच, लावण्याचेही काम होते. पिस्तूल माझ्या दिशेने उचलले जाण्यापूर्वी मी म्हणालो, एकदा उघडून दाखवा. मुलाने पहिल्या सहायक दिग्दर्शकाकडे पाहिले. ते मॉनिटरवरून नजर न उचलता म्हणाले, "खाली है दादा, सुबह चेक किया है." मी म्हणालो, सकाळी तपासल्यानंतरच ते उडवले गेले आहे. सेटवर जी एक विशिष्ट शांतता पसरते, ज्यात सगळे घड्याळाकडे पाहतात, ती पसरली. अखेर मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढले, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढला, आत पाहिले. या सगळ्याला पुरते एक मिनिटही लागले नाही.

पिस्तूल रिकामेच निघाले. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण काही विपरीत घडले म्हणून मी लिहीत आहे असा कोणाचा समज होऊ नये. माझी तक्रार अशी की, ते रिकामे आहे हे त्या क्षणापर्यंत सेटवरच्या एकाही माणसाला माहीत नव्हते. सगळ्यांनी ते धरून चालले होते. आणि रिकामे निघाल्यामुळे मीच चुकीचा ठरलो. "बघा, उगाच वेळ गेला," असे मला दोघांनी ऐकवले. त्या रात्री मी निर्मिती कार्यालयाला लेखी विनंती केली की, उरलेल्या चित्रीकरणासाठी हत्यारांची जबाबदारी एका जाणकार माणसाकडे द्यावी व त्याचे नाव कॉलशीटवर, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या कामाच्या व माणसांच्या यादीवर, छापावे. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की यासाठी अंदाजपत्रकात तरतूद नाही, हत्यारे आर्ट विभागच पाहील. तिसऱ्या दिवशी कॉलशीट आली, तिच्यात माझ्या जागी दुसऱ्याचे नाव होते. कोणी मला काढले असे म्हटले नाही; आपल्या व्यवसायात तसे म्हणण्याची पद्धतच नाही.

त्या निर्मितीसंस्थेचे नाव मी घेणार नाही. ती वाईट माणसांची संस्था नव्हती. जेवण वेळेवर होते, पैसेही वेळेवर मिळाले. तिच्या जागी आपल्यापैकी कोणाचीही संस्था असती तरी बहुधा हेच घडले असते, आणि म्हणूनच हे पत्र एकाला न लिहिता सर्वांना लिहिले आहे.

ब्लँक म्हणजे नुसता आवाज, असा एक समज सेटवर घट्ट बसला आहे. ब्लँक काडतुसात पुढची गोळी नसते हे खरे, पण दारू असते, ती पेटवणारी बुडाची टोपी म्हणजे प्रायमर असतो, आणि दारू जागेवर राहावी म्हणून तोंडाशी कागदाचा किंवा अन्य कशाचा बोळा असतो किंवा धातूच दुमडलेला असतो. चाप ओढला की तापलेला वायू, न जळलेल्या दारूचे कण आणि तो बोळा नळीतून बाहेर येतात, आणि जवळ असलेल्या माणसाला ते गोळीइतकेच पुरेसे असतात. ऑक्टोबर 1984 मध्ये अमेरिकेत जॉन-एरिक हेक्सम नावाचा 26 वर्षांचा नट एका मालिकेच्या सेटवर चित्रीकरण लांबल्याने कंटाळून बसला होता. त्याने ब्लँक भरलेले .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हर गमतीने स्वतःच्या कानशिलाला लावले आणि चाप ओढला. गोळी नव्हतीच, नुसत्या दाबाने कवटीच्या हाडाचा तुकडा मेंदूत घुसला आणि सहा दिवसांनी तो गेला.

माझ्या वाट्याला आलेला प्रकार याच्या तुलनेत अगदीच किरकोळ आहे. 2011 मध्ये एका गोदामातल्या प्रसंगात, माझ्या उजव्या बाजूला दोन हातांवर, ठरलेल्यापेक्षा एक फेरी जास्त उडाली. नायकाच्या कानात बोळे होते. आम्हा कॅमेरावाल्यांना ते दिले गेले नव्हते, आणि मीही मागितले नव्हते. तेव्हापासून उजव्या कानात रातकिड्यासारखा एक बारीक आवाज आहे, तो रात्री जास्त जाणवतो. तपासणीच्या कागदावर दोन्ही कानांच्या रेघा काढून दाखवतात. माझी उजवीकडची रेघ वरच्या सुरांपाशी एकदम दरीत उतरावी तशी खाली जाते. "रोल" ही कॅमेरा सुरू करण्याची हाक मी आता डाव्या कानाने ऐकतो. त्याबद्दल मी तेव्हा कोणाकडे भरपाई मागितली नाही आणि आजही मागत नाही.

दुसरा समज असा की खरी गोळी आपल्या सेटवर येईलच कशी. ब्रँडन ली या नटाचा मृत्यू खऱ्या गोळीचे काडतूस न वापरताच झाला, हे या संदर्भात प्रत्येक निर्मात्याने समजून घ्यावे असे मला वाटते. 1993 सालच्या मार्च महिन्यात नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन येथे चाललेल्या त्या चित्रीकरणात रिव्हॉल्व्हरच्या जवळून घेतलेल्या दृश्यासाठी डमी काडतुसे हवी होती, म्हणजे दिसायला खरी पण आत दारू नसलेली. ती तयार मागवण्याऐवजी खऱ्या काडतुसांतली दारू काढून बनवण्यात आली, प्रायमर मात्र जिवंत राहिला. कधीतरी चाप ओढला गेला, प्रायमरच्या तेवढ्याशा जोरावर एक गोळी सुटून नळीत शिरली आणि तिथेच अडकून बसली. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरले गेले. नळीतून आरपार कोणी पाहिले नाही. 31 मार्चला ब्लँकच्या दारूने ती अडकलेली गोळी बाहेर ढकलली आणि 28 वर्षांचा ली कोसळला. प्रत्येक टप्प्यावरची चूक लहान होती, आणि नळीत एक पातळ काठी घालून पाहिली असती तरी त्यांपैकी शेवटची चूक पकडली गेली असती.

आणि आता न्यू मेक्सिको. 21 ऑक्टोबर 2021 रोजी सांता फेजवळच्या बोनान्झा क्रीक रँचवर, लाकडी चर्चच्या सेटमध्ये, 'रस्ट' या चित्रपटाच्या प्रसंगाची तयारी चालली होती. टेक नव्हता, रिहर्सल होती. नट अ‍ॅलेक बाल्डविन यांच्या हातात .45 कोल्ट जातीचे रिव्हॉल्व्हर होते, आणि ते देताना पहिल्या सहायक दिग्दर्शकाने "कोल्ड गन" असे पुकारले होते; आपल्याकडच्या "खाली है"चाच तो अमेरिकी अवतार. कॅमेऱ्यापाशी सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्स आणि दिग्दर्शक जोएल साउझा चौकट पाहत होते. रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली, ती हचिन्स यांच्या छातीतून आरपार जाऊन साउझा यांच्या खांद्यात शिरली. साउझा वाचले. 42 वर्षांच्या हचिन्स यांना हेलिकॉप्टरने अल्बुकर्कीच्या रुग्णालयात नेले, पण त्या वाचल्या नाहीत. त्यांना लहान मुलगा होता.

ज्या जागी त्या होत्या ती माझी जागा आहे. मी त्यांना ओळखत नव्हतो, त्यांचे कामही त्या दिवसापर्यंत पाहिले नव्हते, पण बातमी वाचताना मला प्रथम आठवले ते टेपचे टोक.

त्या प्रकरणातल्या बारीकसारीक गोष्टी वाचताना मात्र ती अमेरिका आहे याचा विसर पडत जातो. हत्यारे सांभाळणाऱ्या हॅना गुटिएरेझ-रीड तेव्हा 24 वर्षांच्या होत्या आणि त्यांच्यावर प्रॉप्सचे, म्हणजे दृश्यातल्या हाताळायच्या वस्तूंचेही काम टाकलेले होते, म्हणजे एका माणसाच्या पगारात दोन कामे. काही दिवस आधी त्याच सेटवर दोन वेळा ब्लँक अनवधानाने उडाले होते, आणि काम थांबवून चौकशी झाली नव्हती. कॅमेरा विभागातल्या काही जणांनी लांबलेले तास, दूरचा मुक्काम आणि सुरक्षेबद्दलच्या तक्रारी करून त्याच दिवशी सकाळी सामान उचलले होते. बदली माणसे आणून काम पुढे रेटण्यात आले. डमीत खऱ्या गोळ्या मिसळलेल्या होत्या. त्या आल्या कुठून यावर पुढे न्यायालयात बराच खल झाला, पण त्या आत जाण्यापूर्वी कोणी पकडल्या नाहीत एवढे निश्चित. पुष्कळ डमीच्या आत छर्रा ठेवलेला असतो, हलवले की तो खुळखुळतो; खऱ्यातून तसा आवाज येत नाही. लहान मुलाच्या खुळखुळ्याइतकी साधी ती परीक्षा आहे.

पुढे काय झाले तेही पाहा. राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाने निर्मितीसंस्थेला 1,36,793 डॉलरचा, म्हणजे त्याला शक्य असलेला कमाल दंड केला. नंतर तडजोडीत तो 1 लाख डॉलरवर आला. सहायक दिग्दर्शकाला 2023 मध्ये सहा महिन्यांची परिवीक्षा मिळाली. गुटिएरेझ-रीड यांना मार्च 2024 मध्ये ज्युरीने अनैच्छिक मनुष्यवधासाठी दोषी ठरवले आणि एप्रिलमध्ये 18 महिन्यांची शिक्षा झाली. बाल्डविन यांच्यावरचा खटला जुलै 2024 मध्ये, काडतुसांसंबंधीचा पुरावा सरकारी पक्षाने बचावापासून दडवल्याच्या कारणावरून, न्यायाधीशांनी कायमचा रद्द केला. कोण किती दोषी यावर मी मत देऊ इच्छित नाही. पण तुरुंगात गेली ती त्या साखळीतली सर्वांत तरुण, सर्वांत कमी पगाराच्या लोकांपैकी एक आणि दोन कामांत वाटली गेलेली व्यक्ती, हे आर्ट विभागातल्या त्या मुलाला कोणीतरी सांगायला हवे. उद्या काही झाले तर त्याचेही नाव कागदावर सर्वांत आधी येईल.

आपल्याकडे असे घडलेले नाही, असे मला हमखास सांगितले जाईल. सेटवरची माणसे आपल्याकडे मेलेली नाहीत का? 1989 च्या फेब्रुवारीत म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओतल्या आगीत 60 हून अधिक माणसे गेली. 2020 च्या फेब्रुवारीत चेन्नईजवळ क्रेन कोसळून तिघे गेले. प्रत्येक वेळी आधी कोणीतरी म्हणालेले असणार की आजवर तर काही झाले नाही. मुहूर्ताचा नारळ आपण कधी विसरत नाही. तो कोण आणणार, कोण फोडणार, खोबऱ्याचे तुकडे कोण वाटणार हे आदल्या दिवशी ठरलेले असते. बंदुकीच्या बाबतीत तेवढे नियोजन झालेले मी 23 वर्षांत क्वचितच पाहिले.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली आणि मुख्य तक्रार ही की, बंदूक ही आपल्या कॉलशीटवर प्रॉप म्हणून, बॅग, छत्री आणि फुलदाणीच्या रांगेत लिहिली जाते. फाइट मास्टर असतील त्या दिवशी ते आणि त्यांची माणसे बहुतेक वेळा चोख काळजी घेतात, हे मी कृतज्ञतेने सांगतो. पण मास्टर नसलेल्या दिवशी, जेव्हा फक्त धमकावण्याचा संवाद असतो आणि एकही गोळी झाडायची नसते, तेव्हा तीच बंदूक कोणाचीच नसते. बाल्डविन यांच्या हातातले रिव्हॉल्व्हरही अशाच, न झाडण्याच्या, प्रसंगातले होते.

दुसरी तक्रार वेळेची. बंदूक तपासण्यासाठी वेळापत्रकात वेळच धरलेला नसतो, त्यामुळे ती तपासा म्हणणारा माणूस आपोआप वेळ खाणारा ठरतो. 12 तासांची शिफ्ट 15 तासांवर गेल्यावर, पहाटे तीन वाजता, पॅक-अपच्या घाईत कोणाच्या तोंडून हे वाक्य निघणार?

तिसरी तक्रार अंगरक्षकांच्या हत्यारांची, आणि हिच्याविषयी कोणी बोलत नाही. मोठ्या कलावंतांसोबत सेटवर येणाऱ्या खासगी सुरक्षारक्षकांपाशी आणि काही वेळा पोलिसांपाशी खरी, भरलेली हत्यारे असतात. त्यांचे ते कामच आहे. पण तीच हत्यारे व्हॅनिटीच्या पायरीशी, प्रॉप्सच्या ट्रंकेपासून चार पावलांवर, एकाच टेबलाभोवती वावरतात. एका छोट्या निर्मितीत, भाड्याची बंदूक वेळेवर न आल्याने, "एका शॉटपुरती तुमची द्या" असे एका रक्षकाला विनवताना मी स्वतः ऐकले आहे. त्या गृहस्थाने साफ नकार दिला. आमचे नशीब त्याच्या शहाणपणावर टांगलेले होते.

कानांच्या, डोळ्यांच्या संरक्षणाबद्दल वर आलेच आहे, ते पुन्हा सांगत नाही.

शेवटची तक्रार सूडाची, आणि ती मला सर्वांत जास्त सलते. आपल्याकडे बहुसंख्य तंत्रज्ञ दिवसाच्या हिशेबाने काम करतात. लेखी कराराशिवाय सिनेकामगाराला कामावर घेऊ नये असे 1981 च्या कायद्याने सांगितले, आणि 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने दृकश्राव्य कामगारांना आपल्या कक्षेत घेतले. तरी सेटवर करार बहुधा फोनवरच्या "आ जाओ" या दोन शब्दांचा असतो. दोन शब्दांनी आलेला माणूस एकाही शब्दाशिवाय जातो. असे असताना बंदूक उघडून दाखवा म्हणण्याची हिंमत नवा मुलगा कुठून आणणार? माझे घरकर्ज फिटले आहे, मुलगी कमावती झाली आहे, म्हणून मी हे पत्र लिहू शकतो, एवढेच.

कायद्याचा धाक दाखवावा अशी माझी इच्छा नाही, पण विसर पडू नये म्हणून नोंदवतो की, खरे हत्यार बाळगायचे तर 1959 च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना लागतो. आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, जी जुन्या दंड संहितेत दोन वर्षांपर्यंत होती. विम्याची कंपनीही हाच प्रश्न विचारेल : बंदूक त्या वेळी कोणाच्या ताब्यात होती?

माझ्या मागण्या फार नाहीत, आणि त्यांत महागडे म्हणावे असे जवळपास काही नाही.

जिथे बंदूक झाडायची नाही, तिथे खरी किंवा ब्लँक उडवणारी बंदूक सेटवर आणूच नये; रबराची किंवा लाकडाची चालते, आणि जवळच्या दृश्यासाठी झाडता न येणारी धातूची प्रतिकृती मिळते. जिथे झाडायची आहे, तिथेही आधी स्वतःला विचारावे की खरा स्फोट हवाच आहे का. नळीच्या तोंडची ठिणगी आज संगणकावर बेमालूम टाकता येते आणि वायूवर चालणाऱ्या प्रतिकृतीने हाताला झटकाही बसतो. न्यू मेक्सिकोच्या घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी तिकडच्या एका पोलीस मालिकेने खऱ्या बंदुका सेटवरून पूर्ण हद्दपार केल्या. मालिका चालूच राहिली. माझे काही दिग्दर्शक मित्र म्हणतात की खरे ब्लँक उडाले नाही तर नटाच्या डोळ्यांची पापणी लवत नाही. त्या पापणीची किंमत मी त्यांना वर सांगितली आहे.

ज्या दृश्यासाठी ब्लँक अटळच असेल, तिथे हत्यारांसाठी एक प्रशिक्षित माणूस नेमावा, त्याला त्या दिवशी दुसरे कोणतेही काम देऊ नये, त्याचे नाव कॉलशीटवर छापावे आणि काम थांबवण्याचा अधिकार त्याला असावा, जो पहिल्या सहायक दिग्दर्शकाला किंवा निर्मात्यालाही ओलांडता येणार नाही. हत्यार त्याच्या हातातून थेट नटाच्या हातात जावे आणि कट म्हटल्यावर थेट त्याच्याच हातात परत यावे. मधे टेबल नको, खुर्ची नको, नटाच्या कमरेला तशीच राहिलेली तर मुळीच नको. जेवणाच्या सुट्टीत ते कुलपात असावे. किती ब्लँक आले, किती उडाले, किती उरले याची वही असावी आणि दिवसाअखेर तिच्यावर दोन सह्या असाव्यात. वाणीसुद्धा उधारीची वही ठेवतो.

प्रत्येक रिहर्सलपूर्वी आणि प्रत्येक टेकपूर्वी बंदूक उघडून दाखवावी : नटाला, सहायक दिग्दर्शकाला आणि नळीच्या दिशेला असलेल्या प्रत्येकाला, मग तो लाइटमन असो की स्पॉट दादा. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे नाही, एक काडतूस नळीच्या मागच्या घरात राहू शकते, म्हणून तेही दाखवावे. आणि नळी आरपार मोकळी आहे हे पाहावे. "खाली है" हे पुकारून सांगण्याची पद्धत बंद करावी. पुकारलेले वाक्य ऐकता येते, तपासता येत नाही.

कॅमेऱ्याच्या दिशेने ब्लँक झाडायचे असेल तर कॅमेरा स्टँडवर बांधून त्यामागे कोणीही उभे राहू नये. फोकस आता बिनतारी यंत्राने ओढता येतो, मी रोज ओढतो; दुसऱ्या खोलीत बसूनही ते जमते. माणूस तिथे असणे अगदीच आवश्यक असेल तर समोर जाड पॉलीकार्बोनेटचा पडदा आणि सर्वांना, केवळ नायकाला नव्हे, कानांचे व डोळ्यांचे संरक्षण द्यावे. अशा दिवशी रुग्णवाहिका आणि डॉक्टर सेटवर असावेत.

जिवंत काडतुसे चित्रीकरणाच्या आवारात येऊ नयेत. अंगरक्षकांची हत्यारे याला अपवाद असतील, तर त्यांची नोंद फाटकावर व्हावी, आणि ती प्रॉप म्हणून मागणाऱ्या व्यक्तीला त्याच दिवशी कामावरून दूर करावे.

आणि जो कोणी बंदूक उघडून दाखवा म्हणेल त्याला त्या कारणावरून कामावरून काढले जाणार नाही, असे एक वाक्य प्रत्येक करारात घालावे. सगळ्या मागण्यांतून एकच मान्य करायची असेल तर ही करा, बाकीच्या आम्ही सेटवर उभे राहून मिळवू.

कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये कायदा करून करसवलत घेणाऱ्या निर्मितींवर सुरक्षा सल्लागाराची अट घातली. आपल्याकडेही मराठी चित्रपटांना शासनाचे अनुदान मिळते आणि चित्रीकरणाच्या परवानग्या एक खिडकीतून मिळतात. शासनाने अट घालण्याची वाट न पाहता, हत्यार वापरणार का आणि त्याला जबाबदार कोण हे एका ओळीत लिहिलेले पत्र आपण आपणहून त्या अर्जाला जोडू शकता. संघटनांनी या मागण्यांवर 60 दिवसांत बैठक बोलवावी, तिला कॅमेरा, आर्ट, ॲक्शन आणि लाइट या चारही विभागांचे प्रतिनिधी असावेत आणि जे ठरेल ते लेखी जाहीर करावे, अशी विनंती आहे. बैठकीला मला बोलवले नाही तरी चालेल.

पुढच्या आठवड्यात माझे एक नवे काम सुरू होत आहे. पटकथेत तीन प्रसंगांत पिस्तूल आहे. मी निर्मिती व्यवस्थापकांना आजच कळवले आहे की, ते पिस्तूल माझ्यासमोर उघडले जाईपर्यंत टेप माझ्या खिशात राहील. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.

कळावे.

आपला विश्वासू,
मुंबईतील एक फोकस पुलर